कॅसलरॉकला गाडी का थांबते?

"अगो, कळलं का तुला? कोपऱ्यावरच्या घरातला नातू दूधसागरला उठाबशा काढून आला!"

कंपाउंडच्या भिंतीवरून काकूंचं डोकं वर आलं की त्या दिवशीचा पेपर मी उशिरा उघडते. बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीची खबर पेपरच्या आधी त्यांच्याकडे पोचलेली असते.

"उठाबशा? धबधबा बघायला गेला होता ना तो?"

"तेच तर! चार पोरं गाडीत बसली, दूधसागरला गाडी हळू झाली तशी टपाटपा उतरली आणि रुळांवरून चालायला लागली. पोलिस उभेच होते. धरलं, आणि तिथंच काढायला लावल्या. आता जिना चढताना कण्हतोय म्हणे. त्याची आई म्हणूलाली, कुणाला सांगू नका."

म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळणार होतं.

"बरं झालं," तगरीच्या आडून अण्णांचा आवाज आला. अण्णा म्हणजे काकूंचे यजमान. ते रेल्वेत गार्ड होते. नोकरीचा मोठा भाग लोंढा ते वास्को याच मार्गावर गेला. रिटायर होऊन वर्षं झाली, पण रुळांवर चालणाऱ्या माणसाचं नाव काढलं की अजून अंगावर युनिफॉर्म असल्यासारखे बोलतात. "२०२३ च्या पावसाळ्यात रेल्वेनं बजावून सांगितलंय की धबधबा डब्यात बसून बघा, उतरू नका. पण ऐकणार कोण? तो शाहरुख खानचा 'चेन्नई एक्स्प्रेस' आला २०१३ ला, तेव्हापासून ज्याला त्याला त्या पुलावर उभं राहून फोटो हवा."

"तुम्हीसुद्धा चालतच जायचात की लहानपणी," काकू म्हणाल्या.

"आम्ही तिथले होतो! आणि तेव्हा गाड्याच बंद होत्या!"

हा धागा मी सोडणार नव्हते. अण्णांचं बालपण कॅसलरॉकचं, काकूंचं माहेर खाली गोव्यातल्या कुळ्याचं. एकाच घाटाची दोन टोकं, मध्ये जेमतेम २६ किलोमीटर. पण त्या काळी त्या २६ किलोमीटरांत दोन देशांची हद्द येत होती.

"अण्णा, मला एक सांगा. गोवा एक्स्प्रेसनं जाताना कॅसलरॉकला गाडी इतका वेळ थांबते ती कशासाठी? फलाटावर चढणारं-उतरणारं तर फारसं कुणी दिसत नाही."

"आज थांबते ती घाटासाठी, बाई. पूर्वी थांबायची ती झडतीसाठी." अण्णांनी पाण्याची झारी खाली ठेवली. म्हणजे आता आंघोळीला उशीर होणार हे काकूंनी ओळखलं. "पण सुरुवातीपासून ऐकायचं असेल तर लंडन-लिस्बनपर्यंत जावं लागेल."

"जाऊ या की. माझा कुकर लागलाय."

"१८७८ ला इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. तह कसला, सोयरीकच ती. पोर्तुगीजांकडे मुरगावचं बंदर, इंग्रजांकडे धारवाड-बल्लारीचा कापूस. मध्ये सह्याद्री आडवा. तर म्हणाले, रेल्वे काढू या. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकात उठवायची. मीठ आणि दारू यांच्यावरच्या कराचा कारभार इंग्रजांच्या तंत्रानं चालवायचा आणि त्याच्या बदल्यात पोर्तुगीजांना दरसाल ४ लाख रुपये द्यायचे."

"आणि त्यात मार बसला तो आमच्या मिठागरवाल्यांना," काकू मध्येच म्हणाल्या. "आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या मीठ काढलं, लमाणांचे तांडे ते बैलांवर लादून घाट चढायचे. आणि ह्यांनी तिकडं बसून कागदावर सही केली. मीठ महागलं, माडाची दारू महागली. विचारलं का कुणी गोंयकाराला?"

"सोयरिकीत मुलीला कोण विचारतं?" अण्णा म्हणाले.

"मला विचारलं होतं," काकू ठसक्यात म्हणाल्या. "ते पुढं सांगेन."

अण्णांनी गाडी पुन्हा रुळावर आणली. रेल्वे बांधायला लंडनमध्ये कंपनी निघाली, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. त्या लांबलचक नावातला महत्त्वाचा शब्द 'गॅरंटीड'. कंपनीनं जे भांडवल घातलं त्यावर ठराविक व्याज मिळेल, याची हमी पोर्तुगीज सरकारनं दिली होती. रेल्वेला फायदा होवो न होवो, लंडनच्या भागधारकाला पैसे मिळणारच.

"म्हणजे धंदा बुडाला तरी कंपनी नाही बुडणार?"

"अगदी बरोबर. आणि धंदा मनासारखा झालाच नाही. गणित असं होतं की दख्खनचा माल मुरगावला उतरेल. पण मुंबईची ओढ जबरदस्त. पुण्यामार्गे मुंबईला माल नेणं व्यापाऱ्यांना सोयीचं पडायचं. सवयीची बाजारपेठ, सवयीचे दलाल. मुरगावला यायचा तेवढा माल आला नाही आणि हमीचं व्याज गोव्याच्या तिजोरीतून जात राहिलं."

रेल्वे बांधली मात्र कमालीची, हे अण्णा कितीही वेळा सांगतात आणि मीही कितीही वेळा ऐकते. मुरगावहून रूळ घालत घालत सावर्ड्यापर्यंत आले ते १८८७ मध्ये. सपाटीचं काम तसं सोपं होतं. पुढं कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंत सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीला ब्रागांझा घाट असं नाव मिळालं, पोर्तुगालच्या राजघराण्यावरून. हिवतापाचं जंगल, पाऊस असा की दरड कधी येईल सांगता येत नाही, आणि रूळ डोंगराच्या कडेकडेनं, बोगद्यामागून बोगदे काढत वर न्यायचे. १८८८ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली. वरच्या अंगाला इंग्रजी हद्दीत सदर्न मराठा रेल्वे लोंढ्यावरून कॅसलरॉकपर्यंत येऊन थांबली होती. तिचं मुख्यालय आपल्या शेजारी धारवाडला. दोन्ही बाजूंचे रूळ एकाच मापाचे, मीटरगेज. त्यामुळे हद्दीवर डबे बदलायची गरज नव्हती.

"मग कॅसलरॉक इतकं मोठं स्टेशन का झालं? तुम्ही सांगता, तिथं माणसांची झुंबड असायची."

"हीच तर गंमत आहे. गाडी सुरू झाली १८८८ ला, तेव्हा तहाप्रमाणे मध्ये जकातच नव्हती. पण १८९२ ला तह मोडला. सोयरीक फिसकटली, रूळ मात्र घातलेले! जकात परत आली. इकडं कॅसलरॉकला इंग्रजांचं कस्टम, खाली कुळ्याला पोर्तुगीजांचं. स्टेशन मोठं झालं ते गाडी जाते म्हणून नाही, गाडी अडवतात म्हणून."

अण्णांचे वडील त्या कस्टमात शिपाई होते. त्यामुळे पुढचं वर्णन ऐकीव असलं तरी घरातलं आहे. मुरगावहून आलेली गाडी कॅसलरॉकच्या फलाटाला लागली की सगळ्यांनी सामानासकट खाली उतरायचं. ट्रंका, वळकट्या, टोपल्या लांबलचक बाकांवर मांडायच्या. कारकून एकेक ट्रंक उघडायला लावायचा, लुगड्यांच्या घड्यांमधून हात फिरवायचा, लोणच्याच्या बरणीवरचं फडकं सोडायला लावायचा. समाधान झालं की ट्रंकेवर खडूनं खूण करायची. खूण दिसली की हमाल ती उचलून परत डब्यात टाकणार. खूण नसेल तर ट्रंक तिथंच आणि माणूसही तिथंच.

"गंमत सांगते," काकू भिंतीवर आणखी वाकल्या. "खूण खडूची. आणि खडू काय, कुठल्याही शाळेत मिळतो!"

"काकू!"

"मी काय केलंय? मी तेव्हा फ्रॉकात होते. बायका बोलायच्या ते ऐकायची. गोव्यात परदेशी माल स्वस्त. घड्याळं, सिगारेटी, अत्तरं, कापड. आणि इकडं मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, मग तर काय! कॅसलरॉक तेव्हा मुंबई राज्यातच. खाली काजूची फेणी वाहतेय आणि वर थेंब मिळत नाही. मग कुणाच्या पोटाला कापड गुंडाळलेलं, कुणाच्या नारळात पाण्याऐवजी भलतंच काही. एक बाई तर म्हणे दर महिन्याला गरोदर!"

"आमचे वडील म्हणायचे," अण्णांनी वकिली सुरू केली, "खरा चोर ओळखायचा तो त्याच्या शांतपणावरून. साधा माणूस घाबरतो, घामाघूम होतो, बरणी सांडतो. बनेल माणूस बाकावर पाय पसरून विडी ओढत बसतो."

"तुमच्या वडलांनी किती धरले?"

"ते शिपाई होते हो. धरायचं काम साहेबाचं." अण्णा घाईघाईनं झारीकडे वळले. काकूंनी माझ्याकडे बघून एक भुवई उंचावली. त्या भुवईत काय होतं ते मी इथं लिहिणार नाही.

पण त्या गाडीतून चोरटा मालच जायचा असं नाही. माणसं जायची. गोव्यात नोकऱ्या कुठं होत्या? पोरं मुंबई-पुण्याला निघायची. बोटीवर काम मिळवायला, स्वयंपाकी व्हायला, बँडमध्ये वाजवायला, छापखान्यात खिळे जुळवायला. मुंबईला जायचं तर एक आगबोट, नाहीतर ही गाडी. कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज करत मीटरगेजनं पुण्याला जायचं आणि तिथं मोठ्या रुळांची गाडी धरायची. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांमध्ये, गावोगावचे गोंयकार उतरायचे. त्यांतल्या कितीतरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा परमुलूख पाहिला तो या फलाटावर, उघड्या ट्रंकेशेजारी उभं राहून.

"आणि राजकारणाची माणसं?" मी विचारलं.

"कुळ्याचं नाव घे," काकू म्हणाल्या. "१९४६ च्या १८ जूनला राममनोहर लोहियांनी मडगावला सभा घेतली, हे तुम्हाला पाठ असतं. पण पुढचं? सप्टेंबरअखेर ते परत आले, रेल्वेनं. आणि आमच्या कुळ्याच्या स्टेशनावरच त्यांना धरलं. आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं आणि मग हद्दीबाहेर काढलं. माझे बाबा कुळ्याला पॉइंट्समन. मी तेव्हा पाळण्यात, पण आजी सांगायची, त्या दिवशी बाबा घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत, जेवले आणि झोपले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राज्यात स्टेशनात पाहिलेलं घरात बोलायचीही सोय नव्हती."

कुकरची शिट्टी झाली. मी आत जाऊन गॅस बारीक करून आले. तोवर भिंतीपलीकडे १९५५ साल उजाडलं होतं.

त्या वर्षी १५ ऑगस्टला देशभरातून आलेले सत्याग्रही चहूबाजूंनी गोव्यात शिरले. पत्रादेवीकडून गेले, तसे कॅसलरॉकच्या बाजूनं रुळांवरूनही गेले. हातात झेंडा, बाकी काही नाही. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी हद्दीवर ठिकठिकाणी मिळून वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. कित्येक जखमी झाले. त्यानंतर भारत सरकारनं गोव्याशी असलेले व्यवहार तोडले आणि रेल्वे बंद झाली.

"मी बारा-तेरा वर्षांचा असेन," अण्णा म्हणाले. त्यांचा नेहमीचा गार्डाचा आवाज खाली आला होता. "स्टेशन आहे, फलाट आहे, कस्टमचे बाक आहेत, आणि खालून गाडी येत नाही. लोंढ्याकडून यायची ती इथंच संपायची. पुढच्या रुळांवर गवत वाढलं. हमालांनी गाव सोडलं. चहावाल्यानं सोडलं. गाडी अडवणं हाच ज्या गावाचा धंदा, त्या गावानं गाडीच नसेल तर काय खायचं?"

"म्हणून तुम्ही रुळांवर चालायचात!"

"बोगद्यापर्यंत. पुढं जायची छाती नव्हती. पण एक सांगतो, गाडी बंद झाली तरी हद्द ओलांडायचं काम कॅसलरॉकनं बंद केलं नाही. रेडिओ होता."

हे मात्र मला नवीन होतं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी गोव्याच्या मुक्तीसाठी गुप्त नभोवाणी केंद्र चालवलं, 'व्हॉइस ऑफ फ्रीडम'. २५ नोव्हेंबर १९५५ ला ते सुरू झालं, आधी आंबोलीच्या जंगलात आणि मग कॅसलरॉकच्या. ट्रकवर चढवलेला ट्रान्समीटर, भोवती झाडी, पावसात जळवा. तिथून पोर्तुगीज आणि कोकणी भाषेत बातम्या द्यायच्या. लिस्बनचं सरकार जे लपवतंय ते गोव्यातल्या घराघरात पोचवायचं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत हे चाललं. मुक्त झाल्यावर दोघांनी विमानातून लाउडस्पीकरवर गोव्याच्या आकाशात ती बातमी सांगितली.

"आणि पुढं दोघांनी लग्न केलं," काकूंनी त्यांच्या दृष्टीनं महत्त्वाची बातमी दिली. "लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, वयाची शंभरी ओलांडल्यावर. टीव्हीवर बघितलं मी. डोळ्यांत पाणी आलं. आमच्या कुळ्याच्या घरात दार लावून, आवाज बारीक करून ऐकायचे हो बाबा ते."

"तुम्हाला माहीत होतं, आवाज वरून घाटातून येतोय?"

"कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असतं तर पोर्तुगीजांनी सोडलं असतं का?"

अण्णांना माहीत होतं का, हे मी विचारलं. ते म्हणाले, गावात सगळ्यांना एवढंच कळत होतं की जंगलात काहीतरी आहे आणि त्याबद्दल बोलायचं नाही. हद्दीवरच्या गावाला एवढं शहाणपण आपोआप येतं.

"मग तुमचं लग्न?" मी काकूंना आठवण केली.

"गोवा सुटला, रेल्वे भारत सरकारकडे आली, गाड्या पुन्हा सुरू झाल्या. ह्यांच्या वडलांनी आणि माझ्या बाबांनी एकमेकांना कितीतरी वर्षांनी पाहिलं. पूर्वी एकाच गाडीला दोन टोकांना हात दाखवणारी माणसं ती. ह्यांचं स्थळ आलं तेव्हा बाबांनी मला विचारलं, जाशील का वर? मी म्हटलं, मुलगा गार्ड होणार म्हणे, मग रोज कुळ्याला येईलच! म्हणून हो म्हटलं. ह्यांच्याकडे बघून नाही."

अण्णांनी हे ऐकलंच नाही असं दाखवलं. ते एव्हाना माझ्या मूळ प्रश्नावर परतले होते.

"तर बाई, तुमचं उत्तर. कस्टम गेलं. बाक गेले, खडू गेला. १९९० च्या दशकात मीटरगेजही गेलं. तोवर मुंबई-पुण्याकडून आलेल्यांना मिरजेला उतरून गोव्याची लहान गाडी धरावी लागायची, ती कटकटही संपली. तरी गाडी कॅसलरॉकला थांबते. का? घाटाचा चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढं गेलात की १ मीटर वर किंवा खाली. रेल्वेच्या हिशेबात हा कडाच. खाली उतरायच्या आधी प्रत्येक डब्याचा ब्रेक लागतोय का, हे तपासावं लागतं. गार्ड आणि ड्रायव्हर दोघांची खात्री झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही. जादा इंजिनं जोडायची. वर येताना ती मागून ढकलतात, खाली जाताना धरून ठेवतात. घाट सुरू झाला की पुढं करंझोळ, दूधसागर, सोनावळी, मग कुळे. हा सगळा रस्ता गाडी पायरी पायरीनं उतरते. ज्याला घाई आहे त्यानं विमानानं जावं."

"म्हणजे माणसांनी घातलेला अडथळा गेला आणि डोंगराचा राहिला."

"डोंगराचा कधी त्रासच नव्हता. तो सगळ्यांना सारखा थांबवतो, ट्रंक उघडायला लावत नाही."

यावर काकू खळखळून हसल्या. मग अण्णांनी जे सांगितलं ते बेळगावात बसून ऐकताना जास्तच लागतं. कॅसलरॉक जागचं हललं नाही. आधी मुंबई इलाखा, मग मुंबई राज्य, १९५६ ला म्हैसूर राज्य, १९७३ ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक. खाली गोवा आधी पोर्तुगालचा, मग केंद्रशासित, १९८७ पासून राज्य. आंतरराष्ट्रीय हद्दीवरचं स्टेशन राज्यांच्या हद्दीवरचं झालं. सीमा म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. या गल्लीत त्यावर तीन पिढ्या वाद घालताहेत.

आणि वाद तिथंही संपलेला नाहीच. मुरगावला आता कोळसा उतरतो आणि याच रुळांवरून घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. १८७८ मध्ये माल खाली जायचा म्हणून स्वप्नं रंगवली होती. आता माल वर येतो. म्हणून मार्ग दुहेरी करायची योजना निघाली. त्याविरुद्ध गोव्यात २०२० मध्ये चांदरला रुळांवर रात्रभर माणसं बसली. घाटातल्या कामासाठी गोव्यातल्या मोलेचं आणि कर्नाटकातल्या काळी नदीच्या बाजूचं राखीव जंगल तोडावं लागणार होतं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कॅसलरॉक-कुळे दुहेरीकरणाला वन्यजीव मंडळानं दिलेली मंजुरी रद्द केली.

"तुम्ही रेल्वेवाले," मी अण्णांना डिवचलं, "तुम्हाला तर दुसरा रूळ हवाच असणार."

अण्णा जरा थांबले. "नोकरीत असतो तर हो म्हटलं असतं. क्रॉसिंगसाठी मी त्या जंगलात रात्री काढल्यात. पण तो डोंगर पावसाळ्यात कसा सुटतो, ते मी बघितलंय. एका रुळाचं ओझं तो कसाबसा पेलतो. लंडनच्या कंपनीनं गोंयकाराला विचारलं नव्हतं, आपण तरी विचारावं."

काकूंनी मान डोलावली. नवऱ्याचं म्हणणं त्यांना चारचौघांत पटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

ही रेल्वे, हा तह, ही हमी यांवर अभ्यासकांनी लिहिलं आहे. दप्तरखान्यांत कागदही आहेत. पण ट्रंका उघडणारे हात, दाराआड ऐकलेला रेडिओ, सहा वर्षं गवताखाली गेलेले रूळ हे सगळं फक्त माणसांच्या डोक्यात आहे, आणि १९५५ नीट आठवणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. बेळगाव, लोंढा, सावंतवाडी, मडगाव, मुंबईतल्या गिरगाव-धोबीतलावपर्यंत ती विखुरलेली आहेत. आपल्या घरात किंवा शेजारी असं कुणी असेल तर दुपारच्या चहाला बोलवा, बोलतं करा आणि ऐकलेलं त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.